दादरला आईला घेऊन लग्नाची खरेदी: कुठं खायचं, कुठं बसायचं?

गोदाकाठची
नमस्कार मंडळी. लहान भावाचं लग्न ठरलंय, आम्ही नाशिकचे. आईला एकदा दादरला जाऊन खरेदी करायचीच आहे कारण तिच्या मावशीनं १९८५ साली केली होती आणि ते ती अजून सांगते. येत्या गुरुवारी पंचवटीनं येतोय, म्हणजे दहा-साडेदहापर्यंत दादर, आणि संध्याकाळी त्याच गाडीनं परत. मी, आई (वय ६८, दोन्ही गुडघे कामातून गेलेले पण कबूल करत नाही), बाबा आणि माझी होणारी वहिनी. घ्यायचंय ते म्हणजे वहिनीला शिवलेली नऊवारी, मुंडावळ्या, चुडा, नथ, अंतरपाट आणि रुखवतात मांडायच्या चार वस्तू. नेटवर शोधलं की 'दादरमधल्या दहा बेस्ट जागा' असलंच येतं, त्यात आई कुठे बसेल ते कुणीच लिहीत नाही. तर मला खायच्या जागा सांगा, पण बसायच्या आधी सांगा.

टिळकपुलावरून
पहिला प्रश्न, नाशिकहून साडी घ्यायला दादरला? येवला उशाला असताना?

गोदाकाठची
पैठणी येवल्याचीच घेणार हो, ती झाली पण घेऊन. शिवलेली नऊवारी आणि बारीकसारीक सामान राहिलंय.

टिळकपुलावरून
मग बरोबर आहात. तर आधी स्टेशनचं बोलू कारण निम्मे गुडघे तिथंच संपतात. २०२३च्या डिसेंबरपासून मध्य रेल्वेच्या बाजूचे प्लॅटफॉर्म ८ ते १४ झालेत, पश्चिमेचे १ ते ७ तसेच आहेत, त्यामुळे कुणी जुना माणूस 'चार नंबरला उतरा' वगैरे सांगत असेल तर ऐकू नका. तुम्ही उतरणार मध्यच्या बाजूला आणि बाजार आहे सगळा पश्चिमेला, म्हणजे पूल आलाच. घाई करू नका, गाडीतली गर्दी आधी जाऊ द्या, पाच मिनिटं बाकड्यावर बसा, सरकता जिना किंवा लिफ्ट कुठल्या टोकाला आहे ते स्टेशनवरच्या माणसाला विचारा आणि मग निघा. आणि टॅक्सी करून टिळक पुलावरून फिरून जाऊ असा विचार अजिबात नको, प्रभादेवीचा पूल २०२५च्या सप्टेंबरात बंद झाल्यापासून तिकडचा सगळा लोंढा आमच्या डोक्यावर आलाय. माझं नाव उगाच नाही पडलं.

शेवंती
फुलबाजार बघायचा असेल तर पहाटे यावं लागतं, साडेदहाला उरलंसुरलं असतं. पण फुलांच्या मुंडावळ्या, वेण्या हव्या असतील तर लग्नाच्या आदल्या दिवशी कुणाला तरी पहाटे पाठवा. सेनापती बापट मार्गावरची मंडई, झेंडू शेवंती किलोवर, गुलछडी, अष्टर, आंब्याचे डहाळे, दूर्वा, केळीची पानं सगळं एका फेरीत होतं. पायात साधी चप्पल घालून पाठवा, खाली कायम चिखल आणि देठं.

ऋतुगंधा
मी गेल्या वर्षी बहिणीच्या लग्नाला हेच सगळं केलंय म्हणून सविस्तर लिहिते, कंटाळा आला तर सोडून द्या.

नऊवारी: रानडे रोड आणि आसपासच्या गल्ल्यांत भरपूर दुकानं आहेत. ब्राह्मणी, पेशवाई, मस्तानी असे प्रकार दाखवतात. ब्राह्मणी सगळ्यात सुटसुटीत, बाकीच्यांत घोळ आणि निऱ्या जास्त, फोटोत छान दिसतं. पण तुमच्या वहिनीला ट्रायल रूममध्ये नुसतं उभं राहून आरशात बघू देऊ नका. खाली बसायला लावा. मांडी घालून, पाटावर बसतात तसं. शिवलेल्या काष्ट्याचं सगळं खरं-खोटं बसल्यावर कळतं, मागून ओढ बसते, पोटऱ्या उघड्या पडतात, आणि लग्नात निम्मा वेळ चौरंगावरच जातो. आमच्या ताईनं उभ्यानं पसंत केली आणि सप्तपदीला पाऊल उचलेना, भटजी म्हणाले हळू हळू चाला काही घाई नाही, फोटोवाला म्हणाला वा काय लाजतेय नवरी. दुकानाचं नाव घेत नाही, पण बदलून मागितली तर 'शिवलेला माल परत नाही' एवढंच बोलून पुढचं गिऱ्हाईक घेतलं. तेव्हा कंबर आणि कमरेपासून खालची उंची दोन्ही मापं घरून लिहून न्या आणि आत किती कापड दाबलंय ते उलटून बघा, म्हणजे नंतर उसवून सोडता येईल.

चुडा: वहिनी बरोबर आहे तर ठीक, नाहीतर तिची एक जुनी बांगडी न्यायची. दोन-चार की दोन-सहा हे तोंडी सांगण्यात नेहमी घोळ होतो. आणि एक डझन जास्तीच्या घ्या, फुटतात.

नथ: नाक टोचलेलं नसेल तर दाबाची मागा. घालून दहा मिनिटं दुकानातच बोलत बसा. दुखायची असेल तर तेवढ्यात कळतं.

गोदाकाठची
ऋतुगंधा, बसून बघायचं माझ्या डोक्यातच आलं नसतं गं. वहिनीला आत्ताच फॉरवर्ड केलं, ती म्हणतेय दुकानात मांडी घालायची लाज वाटेल.

ऋतुगंधा
तिला सांग, दोनशे माणसांत वाटण्यापेक्षा तिथं वाटू दे.

माहीमचा_मासा
सगळे साडीवरच अडकलेत. जेवायला सिंधुदुर्ग नाहीतर गोमांतक. सुरमई थाळी, सोलकढी, विषय संपला. सोलकढी तर नुसती प्यायला जावं. सिंधुदुर्ग आर. के. वैद्य रोडला आहे, गोमांतक गोखले रोडला.

गोदाकाठची
आई गुरुवार पाळते 🙏

माहीमचा_मासा
अरेरे. शुक्रवारी का नाही येत?

गोदाकाठची
शुक्रवारी संतोषीमाता.

माहीमचा_मासा
मी धाग्यातून बाहेर पडतो.

आजीचा_नातू
शाकाहारी असेल तर सेना भवनाच्या आसपास दोन जागा आहेत, प्रकाश आणि आस्वाद, आणि दादरच्या लोकांचे यावरून दोन तट आहेत ते आधीच सांगून ठेवतो. मी प्रकाशवाला. साबुदाणा वडा आणि पियुष. जागा लहान, टेबल अनोळखी माणसांबरोबर वाटून घ्यावं लागतं, समोरचे आजोबा तुमच्या ताटात बघत असतात, त्याची मजा वेगळी. वडा बाहेरून असा कडक की चमचा लावला की कड् वाजतं आणि आतून साबुदाणा अजून मऊ, दाणा दाणा दिसतो, चिकट गोळा नाही. तो फोडला की वाफ येते तेव्हा लगेच तोंडात घालू नका, मी दर वेळी घालतो आणि दर वेळी टाळू भाजते. वर पियुष: पिवळसर, दाट, ओठावर मिशी उरते, जायफळाचा वास आधी येतो आणि मग गोडी. पेला लहानच असतो पण दुसरा मागवू नका, दुपारची खरेदी झोपेत होईल.

गप्पिष्ट
बसायचं विचारलंय तिनं आणि तुम्ही काय सांगताय, प्रकाशला ६८ वर्षांच्या बाई रांगेत उभ्या राहणार का? आस्वादला जा. नाव सांगून ठेवायचं आणि बोलावतील तोवर वाट बघायची, आत एसी आहे. १९८६ पासून आहे, मिसळीला २०१५ साली लंडनच्या फूडी हबवाल्यांनी जगातला सर्वात चविष्ट शाकाहारी पदार्थ म्हणून निवडलं होतं. थालीपीठ पण घ्या.

गोदाकाठची
मिसळीचं आईला सांगितलं. ती म्हणाली, "मुंबईची मिसळ? जगात पहिली? नाशिकला कुणी आलं नव्हतं वाटतं."

गप्पिष्ट
😂 काकूंचं बरोबर आहे, काळ्या मसाल्याच्या रश्श्यात जन्म गेलेल्या माणसाला ही गोडसर लागणारच. पण एकदा खाऊ दे, नावं ठेवायला तरी.

साडेसातची_लोकल
वड्याचं कुणी बोललंच नाही. छबिलदासच्या गल्लीतला श्रीकृष्ण. शाळेसमोर. ज्या शाळेच्या सभागृहात १९७४ पासून प्रायोगिक नाटकं व्हायची तीच ही छबिलदास, आविष्कारची नाटकं बघायला आलेली सगळी जनता मध्यंतरात इथेच वडे खायची असं माझे वडील सांगायचे. एक वडा खाल्ला की दुपारचं जेवण पुढे ढकला.

टिळकपुलावरून
वडापाव म्हणाल तर कीर्ती कॉलेजचा अशोक, चुरा घालून. पण तो प्रभादेवीच्या बाजूला जातो, तुमच्या वाटेत नाही. आणि वडापावाची सुरुवातच दादर स्टेशनबाहेर १९६६ मध्ये अशोक वैद्यांनी केली असं सांगतात, दोन्ही अशोकांचा घोळ करू नका, मी बरीच वर्षं करत होतो.

आजीचा_नातू
तांबे आरोग्य भुवन राहिलं. तिथं गर्दी त्या मानानं कमी, कोथिंबीर वडी चांगली, आणि मालक लोक उठा उठा करत नाहीत. काकूंना अर्धा तास पाय पसरून बसायला मी तरी तिकडेच नेईन.

शेवंती
मुंबईला येताय तर मेट्रोनं गिरगावला पण जाऊन या की. दादर मेट्रो गोखले रोडखालीच आहे, २०२५च्या ऑक्टोबरपासून कफ परेडपर्यंत सगळी लाइन सुरू झालीय. गिरगावात मसाले, मिठाई...

ऋतुगंधा
शेवंती, गुडघे!!! एका दिवसात एकच दादर पुरे.

शेवंती
सॉरी सॉरी. उत्साह.

गोदाकाठची
बाबांचं काय करायचं? ते दुसऱ्या दुकानापासून 'किती वाजले' सुरू करतात आणि पाचव्या दुकानात आईचं आणि त्यांचं भांडण होतं. अनुभवाचे बोल.

साडेसातची_लोकल
सोपं आहे. नवरे ठेवायच्या दादरला दोन जागा. एक आयडियल, छबिलदास गल्लीजवळ, आणि दुसरी शिवाजी मंदिरातलं मॅजेस्टिक. पुस्तकांच्या दुकानात सोडा, दोन तासांनी परत घ्या, पिशवी भरलेली असेल पण तोंड उघडणार नाहीत. मॅजेस्टिकला सोडलंत तर शिवाजी मंदिरच्या बाहेरचे नाटकांचे बोर्ड वाचण्यात अजून पाऊण तास जातो. आमच्या बाबांना एकदा तिथं ठेवलं आणि ते तिकीट काढून दुपारच्या प्रयोगाला जाऊन बसले, फोन बंद करून. ते सांभाळा.

गोदाकाठची
हे तर आमच्या बाबांच्या बाबतीत शंभर टक्के होऊ शकतं.

टिळकपुलावरून
आता मी तुम्हाला क्रम लावून देतो कारण दादरला काय घ्यायचं यापेक्षा कुठल्या वेळेला घ्यायचं हे महत्त्वाचं आहे. साडेदहाला उतरून आधी काही खाऊ नका (गाडीत खाल्लेलं असेलच). सरळ नऊवारी. अकरा-साडेअकराला दुकानदार निवांत असतो, ट्रायल रूम रिकामी असते, पोरी चहा पीत असतात, चार साड्या जास्त काढून दाखवतात. आणि आईंना दुकानातच बसायला मिळतं, साडीच्या दुकानातली ती पांढरी गादी हीच दादरमधली सगळ्यात चांगली बसायची जागा आहे आणि फुकट आहे. साडी हे काम दोन तासांचं धरा. मग टॅक्सीनं सेना भवन, चालत जाऊ नका, नकाशात जवळ दिसतं पण फूटपाथवर फेरीवाले आणि मधे मधे उखडलेलं. टॅक्सीवाला जवळचं भाडं म्हणून नाही म्हणेल, दोन-तीन जणांना विचारा. जेवण एकच्या आत नाहीतर अडीचनंतर. जेवल्यावर शिवाजी पार्क पाच-सात मिनिटांवर, कट्ट्यावर सावलीची बाजू बघून बसा. मैदान १९२५ पासून आहे, कट्ट्यावर बसणारे काही लोकही तेव्हापासूनचे वाटतात. चार वाजता परत रानडे रोडला येऊन बारीक सामान. पाचच्या पुढे ऑफिसं सुटायला लागतात, तेव्हा तुम्ही स्टेशनात असायला हवं.

गप्पिष्ट
बाथरूमचं कुणी बोलत नाही, मी बोलते. बाजारात शोधत बसू नका. जेवायच्या ठिकाणी सगळ्यांनी जाऊन यायचं, लागलेली असो नसो. लहान मुलांना सांगतो तसं सांगायचं.

ऋतुगंधा
+१००. आणि भेटायची जागा म्हणून कबुतरखाना ठरवू नका. २०२५च्या ऑगस्टात ताडपत्री घालून तो झाकला तेव्हा माझी मावशी 'कबुतरं कुठायत' म्हणत पलीकडे उभी होती, मी अलीकडे. प्लाझासमोर म्हणा. प्लाझा सगळ्यांना माहीत असतं.

भावी_नवरदेव
मी गोदाकाठचीचा भाऊ. मी पण येतोय असं ठरलंय आत्ता. खरेदी झाल्यावर थंडगार बिअर कुठे मिळेल?

टिळकपुलावरून
आई बरोबर आहे ना? पूर्वेला कैलास मंदिरची लस्सी. थंडगार असते.

भावी_नवरदेव
😑

आजीचा_नातू
मस्करी नाही, लस्सी खरंच चांगली आहे आणि स्टेशनच्या पूर्वेला अगदी जवळ. परतीची गाडी मध्यच्या बाजूनंच आहे तर वाटेत पडते. वेळ असेल तर हिंदू कॉलनीत कॅफे कॉलनी आहे, इराणी चहा, पण गुडघे बघून ठरवा.

गोदाकाठची
(चार दिवसांनी) मंडळी, जाऊन आलो. सविस्तर लिहिते कारण तुम्ही एवढं सगळं सांगितलंत.

गाडी वीस मिनिटं लेट. बाकड्यावर बसलो, सरकता जिना सापडला, आईनं सरकत्या जिन्यावर पाय ठेवायला नकार दिला. 'तो थांबल्यावर जाऊ' म्हणाली. शेवटी लिफ्टनं. पश्चिमेला आलो तर भाज्यांच्या टोपल्या बघून आई तिथंच थांबली, लग्नाची खरेदी राहिली बाजूला आणि तिनं आधी दोन जुड्या अंबाडी घेतली. नाशिकला मिळत नाही का म्हटलं तर म्हणे अशी कोवळी नाही मिळत. ती अंबाडी दिवसभर वहिनीच्या हातात.

साडी: तिसऱ्या दुकानात जमलं. वहिनी मांडी घालून बसली, पहिली दोन बसल्यावर बाद झाली, एकीचा काष्टा मागून असा वर गेला की दुकानातली मुलगीच हसली. तिसरी ब्राह्मणी, हिरवी, काठ लाल. आत दीड इंच कापड दाबलेलं आहे, मी उलटून बघितलं तर दुकानदार म्हणाला, 'ताई शिवणकाम करता का?' ऋतुगंधा, तुला पेढे. आई तेवढा वेळ गादीवर लोडाला टेकून. टिळकपुलावरून, तुमचं खरं आहे, उठवत नव्हतं तिला.

नथीचं पण तसंच. दहा मिनिटं गप्पा मारल्या, पहिली दुखली, दुसरी घेतली.

बाबांना मॅजेस्टिकला सोडलं. नाटकाला गेले नाहीत. पण सात पुस्तकं घेतली आणि ती पिशवी भावाला उचलायला लावली, त्यामुळे त्याचं तोंड उतरलेलं ते बिअरमुळे की पुस्तकांमुळे कळायला मार्ग नाही.

जेवायला आस्वादला. अडीच वाजता, पंधरा मिनिटांत नंबर लागला. आईनं मिसळ मागवली. पहिला घास घेतला, थांबली, पाणी प्याली, दुसरा घेतला. आम्ही सगळे तिच्याकडे बघतोय. म्हणाली, "बरी आहे. पाहुण्यांसाठी आहे." मग सगळी संपवली आणि पापड का देत नाहीत ते वेटरला विचारलं.

मग एवढं होऊनही भावाला साबुदाणा वडा हवाच होता म्हणून आम्ही प्रकाशला. आई म्हणाली मी फक्त बसते. बसली, समोर खरंच एक आजोबा होते आणि ते खरंच ताटात बघत होते. तिनं पियुष घेतलं, आधी चमच्यानं चाटून बघितलं, मग पेला उचलला. काही बोलली नाही. दुसरा मागवला. आजीचा_नातू, मी तुमचं वाक्य तिला सांगितलं होतं हो, तिनं ऐकलं नाही.

शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर आई बसल्या बसल्या झोपली. पाऊण तास. वहिनीच्या खांद्यावर. त्यामुळे रुखवताच्या वस्तू आणि अंतरपाट राहिले, मुंडावळ्या आणि चुडा मी आणि भाऊ पळत जाऊन घेऊन आलो. दोन-चार सांगितलं, दोन-सहा निघाला. बदलायला पुढच्या महिन्यात परत येणार.

ऋतुगंधा
जुनी बांगडी न्यायला सांगितली होती!!!

गोदाकाठची
वहिनी बरोबर आहे म्हणून नेली नाही, आणि ऐन वेळी वहिनी आईची उशी झालेली.

माहीमचा_मासा
पुढच्या महिन्यात या ते बुधवारी या.

गोदाकाठची
बघते. बरं आई विचारतेय पियुष घरी करता येतं का?

आजीचा_नातू
प्रकाशसारखं नाही होत पण जवळपास होतं. घरचं श्रीखंड घ्यायचं, ताज्या, आंबट नसलेल्या ताकात घुसळून सैल करायचं, वेलची, केशर आणि वरून जायफळ किसून. थंड करायचं. जायफळ अगदी किंचित, हाताला आवर घाला.

गोदाकाठची
आज केलं. आईनं स्वतः जायफळ किसलं. जेवण दीडला झालं, आता पावणेपाच वाजलेत, आई-बाबा दोघंही अजून उठलेले नाहीत आणि दूधवाला बेल वाजवतोय.